काम गटाचे, निर्णय कोणाचा?

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त औद्योगिक क्षेत्रातील कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ.)



भारतीय मजदूर संघाने विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रम दिन म्हणून स्वीकारला, त्याला आता अनेक दशके लोटली. महाराष्ट्रात यंत्रपूजा प्रामुख्याने खंडेनवमीला होते, परंतु भाव एकच. लेथला हळदकुंकू लागते, पान्यांवर झेंडूची फुले चढतात आणि त्या दिवशी व्यवस्थापक, अभियंता, फिटर व हेल्पर एकाच रांगेत उभे राहून प्रसाद घेतात. त्या दिवसापुरते तरी कारखाना हे एक कुटुंब आहे असे मानण्यास कोणाची हरकत नसते. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुरू होते आणि खरा प्रश्न उभा राहतो. काम कसे वाटायचे, कोणी वाटायचे, आणि वाटणी चुकली असे कामगाराला दिसले तर ते बोलण्याचा अधिकार त्याला आहे की नाही?

'टीम' हा शब्द आज प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर रंगवलेला आहे. हा एकच शब्द अगदी भिन्न, प्रसंगी परस्परविरोधी रचनांसाठी वापरला जातो. म्हणून शब्द बाजूला ठेवून प्रत्यक्ष रचनाच तपासल्या पाहिजेत. या विषयातील जगभर अभ्यासला गेलेला एक प्रयोग तर आपल्याच देशात, अहमदाबादच्या एका कापड गिरणीत झाला. व्यवस्थापनशास्त्राच्या विदेशी ग्रंथांत त्याचा उल्लेख हमखास सापडतो. आपल्या कामगार चळवळीत मात्र तो क्वचितच कोणाला ठाऊक असतो.

खाणीतून गिरणीकडे

या प्रयोगाचे मूळ इंग्लंडच्या कोळसा खाणीत आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाण कामगार असलेले केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीत दोन-चार जणांची जोडगोळी कोळसा फोडण्यापासून तो भरून वर पाठवण्यापर्यंतचे काम स्वतः करी. सोबती ते एकमेकांना पारखून निवडत. अंधारात, डोक्यावर छत कोसळण्याची भीती असताना, ही निवड जीवनमरणाची होती. पुढे यंत्रे आली, कोळशाची लांबच लांब भिंत एकाच वेळी खणली जाऊ लागली आणि काम तीन पाळ्यांत कापले गेले. एका पाळीने कोळसा सैल करायचा, दुसरीने यंत्रे व पट्टे पुढे सरकवायचे, तिसरीने कोळसा भरायचा. तिन्ही पाळ्यांची माणसे एकमेकांना भेटत नसत आणि त्यांचा मोबदलाही वेगवेगळ्या हिशेबाने ठरे. एका पाळीत राहिलेली उणीव दुसरीच्या माथी पडे. गैरहजेरी वाढली, दोषारोप वाढले आणि अपेक्षित उत्पादन निघेना. यंत्र सुधारले, परंतु यंत्राभोवतीचा माणसांचा संबंध तुटला, हा त्या दोघांचा निष्कर्ष होता. यंत्र आणि मनुष्यसमूह यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे, ही त्यांची मांडणी पुढे एका स्वतंत्र विचारशाखेचा पाया ठरली.

याच संस्थेतील ए. के. राईस हे १९५३ साली अहमदाबादला कॅलिको मिलमध्ये आले. गिरणी साराभाई घराण्याची. अहमदाबाद हे शहर अशा प्रयोगाला अनुकूल होते, कारण १९१८च्या संपात गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई कामगारांच्या बाजूने उभे राहिले होते, १९२० साली मजूर महाजन संघ स्थापन झाला होता आणि लवादाने तंटा मिटवण्याची परंपरा तेथे रुजली होती. अनसूयाबेन ह्या गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या भगिनी. बहीण कामगारांची आणि भाऊ मालकांचा, असे दृश्य जगाच्या औद्योगिक इतिहासात दुर्मीळच.

गिरणीने स्वयंचलित माग बसवले होते. यंत्रे नवी, कामगार अनुभवी, तरीही उत्पादन वाढेना आणि खराब कापडाचे प्रमाण घटेना. माग म्हणजे मुंबईच्या गिरणगावच्या भाषेत साचा. जुन्या मागावर एक विणकर आपल्या मागांचे बहुतेक काम स्वतः पाहत असे. स्वयंचलित मागांच्या खात्यात हे काम तोडून वेगवेगळ्या माणसांकडे दिले गेले. विणकर निराळा, कांड्या भरणारा निराळा, तुटलेला ताणा सांधणारा निराळा. शिवाय जॉबर, त्याचे मदतनीस, तेलवाला, कापड उचलून नेणारा आणि झाडूवाला. दोनशेहून अधिक मागांसाठी अशी सुमारे ३० माणसे होती आणि त्यांच्यात डझनभर प्रकारची कामे विभागलेली होती.

विभागणी कागदावर निर्दोष होती. प्रत्येक कामाचा वेळ मोजून, एका माणसाला किती माग झेपतील याचा हिशेब करूनच ती ठरली होती. पण हा हिशेब प्रत्येक कामासाठी वेगळा निघाला. विणकराकडे दोन-तीन डझन माग, कांड्या भरणाऱ्याकडे त्याहून अधिक, ताणा सांधणाऱ्याकडे आणखी अधिक. परिणामी कोणाच्याही मागांच्या सीमा दुसऱ्याच्या सीमांशी जुळेनात. एका विणकराला कधी या कांडीवाल्याशी, तर कधी त्या कांडीवाल्याशी काम पडे. सांधणाऱ्याला एकाच वेळी तीन विणकर हाका मारत. कापड खराब निघाले तर दोष नेमका कोणाचा, हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. माणसे ३० होती, गट एकही नव्हता.

राईस यांनी सुचवले ते अगदी साधे होते. मागांचा एक सलग तुकडा आणि त्यासाठी लागणारी सर्व माणसे मिळून एक गट करावा. पुढे जे घडले त्यामुळेच हा प्रयोग संस्मरणीय ठरला. कल्पना कानावर पडताच कामगार आणि पर्यवेक्षकांनी ती उचलून धरली. कोण कोणाबरोबर काम करणार हे त्यांनी आपापसांत ठरवले आणि सल्लागाराने तपशील आखून देण्याची वाट न पाहता साधारण ६० मागांमागे सात जण अशी बांधणी करून टाकली. कामांचे प्रकार कमी झाले, माणसे एकमेकांची कामे शिकू लागली आणि कोणाचा ताणा तुटला तर हाक मारण्याआधीच शेजारी पोहोचू लागला. सुरुवातीला चढउतार झाले. उत्पादन वाढवण्याच्या ओढीत देखभाल मागे पडली, ती पुन्हा मार्गावर आणावी लागली. घडी बसल्यानंतर मात्र सुमारे ८० टक्क्यांवर अडलेली कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या पलीकडे गेली आणि खराब मालाचे प्रमाण लक्षणीय उतरले. राईस यांचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला.

येथे थांबले तर ही एक गोड कथा होईल, आणि व्यवस्थापनाच्या शिबिरांत ती तशीच सांगितली जाते. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतची पाहणी करून १९७५ साली त्यावर निबंध लिहिला. एका साध्या मागांच्या खात्यात गटपद्धती जवळपास मूळ रूपात टिकून होती. स्वयंचलित मागांच्या खात्यात मात्र ती झिजून पुन्हा जुनी विभागणी आली होती. बाजाराची मागणी बदलली, कापडाचे प्रकार बदलले, वरचा दाब वाढला आणि गटाचा निर्णय पर्यवेक्षकाने आपल्या हाती घ्यायचा, असे होत गेले. कोणी आदेश काढून गट मोडले नव्हते. गटाच्या हातातील एकेक लहान निर्णय काढून घेतला गेला आणि उरले ते केवळ गटाचे नाव. ज्या कारखान्यांत गुणवत्ता मंडळे मोठ्या समारंभाने सुरू झाली आणि चार वर्षांत सूचनापेटीला कुलूप लागले, तेथील कार्यकर्त्यांना मिलर यांचा निबंध वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मागाचा धागा आणि मोटारीची साखळी

टोयोटा कंपनीचे मूळही मागातच आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. दोष निर्माण होताच काम थांबवायचे, दोष पुढे जाऊ द्यायचा नाही, हे तत्त्व त्यांच्या मोटार कारखान्याने मागावरून माणसावर आणले. उत्पादनाच्या साखळीवरील साध्या कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. अडचण दिसली की त्याने ती ओढायची. गटप्रमुख धावत येतो, आणि ठरावीक टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर साखळी थांबते. ज्या कारखान्यात साखळी थांबणे म्हणजे लक्षावधींचे नुकसान, तेथे ती थांबवण्याचा अधिकार सर्वांत खालच्या पायरीवर दिला गेला, यातील धाडस लक्षात घेतले पाहिजे.

आपल्याकडील भाषणांत जपानच्या यशाचे श्रेय त्यांच्या राष्ट्रभक्तीला देऊन विषय संपवण्याची प्रथा पडली आहे. ते अर्धसत्य आहे. १९५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. मोठी कामगारकपात झाली, दीर्घ संप झाला आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी जबाबदारी स्वीकारून पद सोडले. त्या जखमेनंतर कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात विश्वासाची बांधणी होण्यास एक तप लागले आणि १९६२ साली दोघांनी संयुक्त घोषणापत्र केले. जे स्थायी झाले त्यांच्या नोकरीची शाश्वती हा या व्यवस्थेचा कणा होता. आपण सुचवलेली सुधारणा उद्या आपल्याच मित्राची नोकरी खाणार असेल, तर राष्ट्रभक्त माणूसही सूचना देणार नाही.

याचा पुरावा जपानबाहेर मिळाला, हे विशेष. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, मद्यपान, तक्रारी आणि अचानक होणारे संप यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली तोच कारखाना टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीत 'नुम्मी' या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी तेच, कामगार संघटनाही तीच. पूर्वी तेथे कामाच्या ऐंशीच्या आसपास वर्गवाऱ्या होत्या, त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. पाच-सहा जणांचे गट झाले. थोड्याच काळात गुणवत्ता जपानमधील कारखान्याच्या जवळ पोहोचली.

फ्रेडरिक टेलर यांच्या काळापासून घड्याळ लावून कामगाराच्या हालचाली मोजण्याचे काम अभियंता करत असे आणि कामगार त्या घड्याळाचा द्वेष करत असे. नुम्मीत ते घड्याळ गटाच्या हाती दिले गेले. कोणती हालचाल अनावश्यक, कोणती क्रिया आधी, हे गटाने स्वतः मोजून ठरवायचे, कागदावर उतरवायचे आणि मग सर्वांनी पाळायचे. काम तेच, साखळी तीच, दर मिनिटाला पुढची गाडी समोर येण्याचा वेगही तोच. बदलला होता तो मोजणारा. १९८७-८८च्या सुमारास गाड्यांचा खप कोसळला तेव्हा कंपनीने कोणालाही घरी पाठवले नाही. कामगारांना प्रशिक्षण दिले, सुधारणेच्या कामाला लावले. करारात लिहिलेला शब्द प्रत्यक्षात पाळला गेला, हे कामगारांनी डोळ्यांनी पाहिले. हा कारखाना २०१० साली बंद झाला. पुढे तीच वास्तू टेस्लाने घेतली.

स्वीडनचा मार्ग

याच्या अगदी विरुद्ध वाट स्वीडनच्या व्होल्वोने धरली. तेथील सुशिक्षित तरुण साखळीवर उभे राहण्यास तयार नव्हते, नोकरी सोडून जाणाऱ्यांची संख्या मोठी होती. कंपनीप्रमुख पेर यूलेनहामर यांच्या पुढाकाराने १९७४ साली काल्मार येथे साखळीविना चालणारा कारखाना उभा राहिला. गाडी स्वयंचलित वाहकावर ठेवून गटाकडे नेली जाई आणि प्रत्येक गटाला स्वतःची जागा, स्वतःची विश्रांतीची खोली होती. पुढे १९८०च्या दशकाअखेरीस उद्देवाला येथे त्याहून धीट प्रयोग झाला. दहाएक जणांचा गट संपूर्ण गाडी जोडत असे. एका कामगाराच्या कामाचे आवर्तन दोन तासांच्या आसपास असे, तर नुम्मीत ते एका मिनिटाचे. गटाचा प्रवक्ता गटातूनच आणि आळीपाळीने होई. माणसाला पुन्हा कारागीर करण्याचा आधुनिक उद्योगातील हा बहुधा सर्वांत गंभीर प्रयत्न होता.

१९९०च्या दशकारंभी मंदी आली, व्होल्वोची क्षमता जास्त आणि मागणी कमी झाली. उद्देवाला १९९३ साली आणि काल्मार त्यानंतरच्या वर्षी बंद करण्यात आले. अमेरिकेतील पॉल अ‍ॅडलर आणि रॉबर्ट कोल यांनी १९९३ साली नुम्मीच्या बाजूने निर्वाळा दिला. ठरवून लिहिलेली कार्यपद्धती असली की एका गटाचे शिकणे दुसऱ्या गटापर्यंत पोहोचते, हा त्यांचा मुद्दा. स्वीडनचे ख्रिश्चन बेर्ग्रेन यांनी त्याला उत्तर दिले. उद्देवालात सुधारणा वेगाने होत होती, कारखाना बाजारामुळे बंद पडला, रचनेमुळे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र दोन्ही कारखान्यांत एक गोष्ट समान होती, ती या वादात झाकली गेली. गट तयार करण्यापूर्वी कामगार संघटनेशी बोलणे झाले होते, आणि गटाला दिलेला अधिकार लेखी होता.

आपल्या अंगणात

भारतात जपानी पद्धती प्रथम व्यापक प्रमाणावर आली ती मारुतीमुळे. गुडगावच्या कारखान्यातून १९८३च्या डिसेंबरमध्ये पहिली गाडी बाहेर पडली. सर्वांना एक गणवेश, एकच उपाहारगृह, सकाळी एकत्र व्यायाम. साहेबासाठी वेगळा जिना आणि वेगळे ताट असलेल्या भारतीय कारखान्याला हे नवल होते. त्या काळातील मारुतीच्या कामगाराला आपल्या कारखान्याचा अभिमान होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

याच कंपनीच्या मानेसर कारखान्यात २०११ साली वारंवार काम बंद पडले आणि १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. तो हिंसाचार निंद्यच होता. कोणत्याही गाऱ्हाण्याने त्याचे समर्थन होत नाही. परंतु गाऱ्हाणी कोणती होती, हे पाहिल्याशिवाय राहता येत नाही. स्वतंत्र संघटनेला मान्यता मिळण्याचा वाद होता, चहाच्या मोजून मिळणाऱ्या सुट्टीचा आणि साखळीच्या वेगाचा प्रश्न होता. आणि एकाच साखळीवर, एकाच गणवेशात, एकच काम करणाऱ्या दोन माणसांचे वेतन भिन्न होते, कारण एक स्थायी होता आणि दुसरा कंत्राटी. गणवेश एक असल्याने ही विषमता झाकली गेली नाही, ती अधिक बोचली.

हा एका कंपनीचा प्रश्न नाही. वार्षिक औद्योगिक सर्वेक्षणानुसार शतकाच्या प्रारंभी संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा कंत्राटी होता. अलीकडे तो ४० टक्क्यांच्या घरात गेला आहे. सात जणांच्या गटात तिघे असे, की ज्यांचा ठेकेदार उद्या बदलेल. त्यांना दुसऱ्याचे काम शिकवण्यात कोणाला रस असणार? दोष दिसताच दोरी ओढण्याचे धैर्य त्यांच्यापैकी कोण करील? जपानकडून आपण दोरी आणली, फलक आणले, शब्दही जसेच्या तसे आणले. ज्या शाश्वतीवर ते सारे उभे होते ती मात्र बंदरावरच राहिली. खुद्द जपानमध्येही आता अस्थायी कामगार वाढले आहेत, आणि तेथील अभ्यासकांनाही हीच चिंता आहे.

काही उत्साही मंडळी म्हणतात की प्राचीन भारतात श्रेणी होत्या, तेव्हा गटपद्धती आपल्याला नवी नाही. इतिहासाचा अभिमान असावा, पण त्याच्यावर भलते ओझे लादू नये. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यातील भिक्षूंच्या चीवरांचा व किरकोळ खर्च चालायचा होता. श्रेणी ही व्यावसायिकांची संस्था होती, आजच्या कारखान्यातील गट नव्हे. तरीही शिलालेखातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. विणकरांच्या समूहाला धन सांभाळणारी, करार करणारी आणि पिढ्यान्‌पिढ्या उत्तरदायी राहणारी संस्था म्हणून राजकुलाची मान्यता होती. माग चालवणारे हात आणि निर्णय घेणारे डोके वेगळे असले पाहिजे, असे त्या समाजाला वाटले नव्हते.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण ही संघाची त्रिसूत्री. यातील पहिल्या आणि तिसऱ्या सूत्रावर भाषणे पुष्कळ होतात. मधले सूत्र कठीण आहे, कारण ते मालकाकडून काही मागते आणि कामगाराकडूनही. मालकाने निर्णयाचा काही भाग सोडायचा आणि कामगाराने परिणामाची जबाबदारी घ्यायची. 'हे माझे काम नाही' हे वाक्य वर्गवारीच्या आडून म्हणण्याची सोय गटपद्धतीत उरत नाही. अनेक ठिकाणी संघटनांनीच बहुविध कौशल्याला विरोध केला, हेही येथे नमूद झाले पाहिजे. त्या विरोधामागे अनुभव होता. एकाच पगारात तीन कामे गळ्यात पडतात ही भीती निराधार नव्हती. परंतु विरोध करून थांबणे आणि शिकलेल्या प्रत्येक कामामागे वेतनवाढ करारात लिहून घेणे, यांतील दुसरा मार्ग अधिक कष्टाचा असला तरी हिताचा आहे.

कायद्यात यासाठी जागा नाही असे नाही. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाचे कलम ४३-अ मार्गदर्शक तत्त्वांत आले. त्याच्याही आधी, १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने १०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत कार्यसमितीची तरतूद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही समिती कायम आहे आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. मात्र या समितीने काय बोलावे आणि काय बोलू नये, याची एक यादी १९५९च्या भारतीय श्रम परिषदेनंतर तयार झाली होती. पिण्याचे पाणी, उजेड, वायुवीजन, उपाहारगृह, सुरक्षा, सण-सुट्ट्या हे विषय समितीच्या कक्षेत. कामाचा बोजा किती असावा आणि त्यासाठी माणसे किती लागतील, हे विषय कक्षेबाहेर. अहमदाबादच्या त्या सात जणांनी जे एकत्र बसून ठरवले, ते नेमके हेच दोन विषय होते.